हाताचे आकस्मिक विकार : त्यांची कारणे आणि रुग्णांची मराठी वाक्ये (रायगड किनाऱ्याच्या संदर्भात)

हाताची किंवा बोटांची हालचाल एकाएकी बिघडली म्हणजे त्या घटनेला पहिले नाव डॉक्टर देत नाही. ते घरातील माणसे देतात. उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर ‘हाताला मुंग्या आल्या’, ‘बोटे वळली’, ‘हात आपोआप उडतो’, ‘पेला धरवत नाही’, ‘अंगावरून वारे गेले’ यांपैकी कोणते तरी वाक्य प्रथम उच्चारले जाते. आणि पुढे कोठे जावयाचे, किती घाई करावयाची, की सकाळपर्यंत वाट पाहावयाची, हे पुष्कळदा त्या वाक्यावरच ठरते. हा किनारा खाड्यांनी तोडलेला आहे. आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये राजपुरीची खाडी आडवी येते. गेटवे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. मासेमारी नौकेवरील खलाशी तर किनाऱ्यापासूनच काही तास दूर असतो. अशा भूभागात घरी निर्णय करण्यात गेलेला अर्धा तास प्रवासाच्या वेळेत मिळवून धरावा लागतो. त्यामुळे रुग्णाचे पहिले वाक्य हा केवळ बोलींच्या अभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

हाताच्या आकस्मिक विकारांची प्रमुख कारणे कोणती आणि ती मराठी भाषकाच्या वाक्यात कोणत्या रूपाने प्रकट होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे: या विकारांना मराठीत रूढ असलेली नामे कारणांचा भेद पुसून टाकतात, उलट, रुग्ण सहजपणे जे वाक्य बोलतो त्याच्या रचनेत तो भेद पुष्कळ अंशी सुरक्षित असतो. म्हणून विकाराचे नाव ऐकून थांबण्यापेक्षा वाक्य जसेच्या तसे ऐकणे अधिक उपकारक ठरते.

१. नामे आणि त्यांचा घोटाळा

हातापायांच्या बहुतेक विकारांना लोकव्यवहारात ‘वात’ हे एकच नाव पुरते. याचा दोष जुन्या वैद्यकाकडे जात नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पहिला अध्याय वातव्याधींचा आहे आणि त्यात अर्धे अंग निकामी करणारा पक्षाघात, चेहरा वाकडा करणारा अर्दित आणि बाहूचे कर्म नष्ट करणारी विश्वाची हे विकार वेगवेगळे सांगितलेले आहेत. शास्त्रात जो भेद होता तो व्यवहारात लोपला आणि वर्गनाम तेवढे उरले.

‘लकवा’ या शब्दाचा इतिहास याच प्रकारचा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच आहे. म्हणजे तो संस्कृतातील अर्दिताचा समानार्थक होय. मराठीत त्याचा अर्थविस्तार झाला आणि हात, पाय किंवा संपूर्ण अंग लुळे पडण्यालाही लकवा म्हणू लागले. अर्थविस्तार ही भाषेतील नित्याची प्रक्रिया आहे. परंतु येथे तिची किंमत मोठी पडते. चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज येऊन केवळ चेहऱ्याची एक बाजू ढिली पडते, तेव्हा बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सुधारतात. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून चेहऱ्याबरोबर हातही जातो, तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो. ‘लकवा मारला’ या शब्दांत या दोन्ही घटना सारख्याच दिसतात आणि पहिल्या प्रकारातून बरा झालेला शेजारी दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला धीराचा चुकीचा सल्ला देतो.

‘अंगावरून वारे जाणे’ हा वाक्प्रचार याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे. त्यात कर्ता वारे आहे, शरीर केवळ त्याच्या जाण्याची वाट आहे आणि क्रियापद बहुधा भूतकाळात येते: ‘वारे गेले’. जे गेले ते गेले. आता मागे राहिलेल्या हानीची शुश्रूषा करावयाची, असा भाव त्या रचनेतच आहे. मेंदूतील प्रत्यक्ष घटना याच्या अगदी उलट असते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्या भागाचा गाभा काही मिनिटांत मृत होतो. परंतु त्याभोवतीचा भाग उपाशी राहूनही काही तास जिवंत असतो. या तासांत गुठळी विरघळली किंवा काढता आली तर तो भाग वाचू शकतो. भाषेने ज्या क्षणी क्रिया पूर्ण झाल्याचे सांगितले, त्या क्षणी ती क्रिया चालूच असते.

२. तीन वाक्यरचना

आता नामे बाजूला ठेवून रुग्णाची साधी वाक्ये पाहू. हाताची तक्रार सांगताना मराठी भाषक मुख्यतः तीन रचना वापरतो.

पहिली रचना अशी: ‘हाताला मुंग्या येतात’, ‘बोटांना झिणझिण्या आल्या’, ‘मनगटात कळ येते’. येथे हात चतुर्थीत किंवा सप्तमीत असतो. तो काही करीत नाही, त्याच्याकडे काही तरी येते. ही संवेदनेची रचना होय.

दुसरी रचना शक्य क्रियापदाची आहे: ‘मला पेला धरवत नाही’, ‘त्याच्याने हात उचलवत नाही’. इच्छा आहे, कर्म समोर आहे. पण क्रिया घडत नाही. ही शक्तिनाशाची रचना होय. ‘बटण लावता येत नाही’ हे तिचे जवळचे रूप. ‘-वत नाही’ आणि ‘-ता येत नाही’ यांत सूक्ष्म भेद आहे: पहिल्यात बळाची उणीव सूचित होते, दुसऱ्यात कौशल्याची. मूठ घट्ट वळते पण सुईत दोरा ओवता येत नाही, अशी स्थिती असेल तर स्नायूंच्या बळापेक्षा त्यांच्या मेळाचा बिघाड संभवतो आणि मेंदू किंवा लहान मेंदू यांकडे लक्ष जावयास हवे.

तिसऱ्या रचनेत हात किंवा बोट स्वतःच कर्ता होतो: ‘अंगठा उडतो’, ‘हात थरथरतो’, ‘बोटे वळतात’, ‘हात फडफडतो’. बोलणाऱ्याची इच्छा या वाक्यात कोठेही नाही. ‘आपोआप’ हे क्रियाविशेषण तो पुष्कळदा स्वतःहून जोडतो. ही अनैच्छिक हालचालीची रचना होय.

मज्जाविकारांचे वैद्यकही हाच त्रिविध विभाग प्रथम करते: संवेदना बदलली, हालचाल उणावली, की नको ती हालचाल वाढली? हा जुळता योग आकस्मिक नाही. रुग्ण आपल्या देहाचा जो अनुभव घेतो त्याच्याच जातीला अनुसरून तो विभक्ती आणि क्रियापद निवडतो. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे: रचना विकाराचा वर्ग दाखविते, कारण दाखवीत नाही. एकाच वर्गात निरुपद्रवी आणि प्राणघातक अशी दोन्ही कारणे असतात.

३. संवेदनेचा वर्ग आणि बोटांची नावे

मराठीत ‘हात’ हा शब्द खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या सर्व भागाला लागतो. ‘हाताला मुंग्या येतात’ एवढ्यावरून दंड, कोपर, मनगट की बोटे हे कळत नाही. ते विचारून घ्यावे लागते. बोटांच्या बाबतीत मात्र भाषेने एक सोय करून ठेवली आहे. तर्जनी, मध्यमा, अनामिका ही नावे पोथीतली. नित्याच्या बोलण्यात सर्वांना पक्की ठाऊक असलेली नावे दोनच, अंगठा आणि करंगळी. योगायोगाने हीच दोन बोटे दोन वेगळ्या मज्जातंतूंच्या प्रदेशांची टोके आहेत. मनगटाच्या मध्यातून जाणारा मज्जातंतू अंगठा, त्याशेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना पुरवितो. कोपराच्या आतील बाजूने येणारा मज्जातंतू करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग सांभाळतो. ज्या बोटाला व्यवहारात धड नाव नाही, त्याच बोटातून ही सीमा जाते.

म्हणून ‘मुंग्या अंगठ्याकडे की करंगळीकडे?’ हा प्रश्न फार उपयोगी आहे. अंगठ्याकडच्या मुंग्या, त्यातही रात्री झोपमोड करणाऱ्या आणि हात झटकल्यावर कमी होणाऱ्या, मनगटातील अरुंद मार्गात मज्जातंतू दाबला गेल्याचे सुचवितात. मनगट वाकवून जोराने आणि वारंवार करावयाच्या कामांत हा विकार अधिक संभवतो. दोर ओढणे, जाळी विणणे, मासळी कापणे आणि सोलणे ही किनाऱ्यावरील कामे या जातीची आहेत. गरोदरपण, मधुमेह आणि कंठग्रंथीचे मंदावलेले कार्य यांमुळेही तो उद्भवतो. करंगळीकडच्या मुंग्या बहुधा कोपराकडे बोट दाखवितात.

याच मज्जातंतूला कुष्ठरोगातही इजा होते. कोपराजवळ जाड झालेला मज्जातंतू, त्वचेवर बधिर चट्टा आणि करंगळी व अनामिका हळूहळू आकड्यासारख्या वळणे ही त्याची खूण होय. हा रोग संथ असला तरी त्यात मधूनच प्रतिक्रियेची अवस्था येते. मज्जातंतूला तीव्र सूज येते आणि थोड्या दिवसांत हाताचे बळ जाते. वेळीच स्टेरॉइड औषधे दिल्यास ही हानी पुष्कळदा परतविता येते. पनवेल तालुक्यातील नेरे येथील ‘शांतिवन’ ही कुष्ठरुग्णांसाठी कार्य करणारी संस्था जिल्ह्याला परिचित आहे. तरीही वळलेल्या बोटांना ‘वात’ म्हणून तेल चोळीत राहणे आणि उपचाराचा काळ गमावणे हा धोका संपलेला नाही.

४. शक्तिनाशाचा वर्ग

एका हाताचे बळ एकाएकी आणि वेदनेविना गेले, तर प्रथम मेंदूच्या पक्षाघाताचा विचार करावा, असा आजच्या वैद्यकाचा दंडक आहे. तोंडाची कड ओघळणे, बोलणे अडखळणे, त्याच बाजूचा पाय जड होणे यांपैकी काही सोबत असेल तर शंका उरत नाही. परंतु मेंदूच्या पृष्ठभागावर पंजाच्या हालचालीचे एक लहान स्वतंत्र क्षेत्र आहे आणि गुठळी नेमकी तेथे गेली तर पाय आणि वाचा शाबूत राहून केवळ पंजा निकामी होतो. ‘फक्त हातच ना?’ हे समाधान म्हणून पुरेसे नाही.

याच्याशी सर्वांत अधिक साम्य असलेला सौम्य विकार म्हणजे दंडामागून वळसा घेणाऱ्या मज्जातंतूवरील दाब. हात खुर्चीच्या पाठीवर किंवा नौकेच्या फळीवर टाकून गाढ झोप लागली, विशेषतः मद्याच्या अमलाखाली, तर जागे झाल्यावर मनगट लोंबते आणि बोटे सरळ होत नाहीत. मनगटाला खालून आधार दिला म्हणजे मात्र मूठ बरीचशी वळते. हा विकार बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. परंतु तो आणि पंजापुरता पक्षाघात यांतील निवाडा घरी करावयाचा नसतो. तो तपासणीने करावयाचा असतो.

रक्तातील साखर अतिशय उतरल्यानेही पक्षाघातासारखे चित्र दिसते. मधुमेहाची औषधे घेणारा माणूस उपाशीपोटी कामावर गेला असेल तर हे कारण प्रथम तपासून पाहणे सोपे असते.

अर्ध्या तासात हात पूर्ववत झाला तर घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. वस्तुतः गुठळी आपोआप विरघळून गेल्याची ती सूचना असते, आणि मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. ‘आला आणि गेला’ या वाक्यातील दुसऱ्या क्रियापदावर विसंबणे येथे धोक्याचे आहे.

५. अनैच्छिक हालचालीचा वर्ग

‘अंगठा उडू लागला, मग मनगट, मग तोंडाची कड’ हे वर्णन मेंदूच्या एका भागातून निघालेल्या अपस्माराचे आहे. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा झटक्यांचा क्रम टिपला आणि त्यावरून मेंदूत अवयवांची क्रमाने मांडणी असली पाहिजे असे अनुमान केले. पुढे १९३७ मध्ये पेनफील्ड आणि बोल्ड्री यांनी मॉन्ट्रिऑल येथे शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागाला विद्युत्स्पर्श करून केलेल्या निरीक्षणांतून ही मांडणी रेखाटून दाखविली. तीत अंगठा, बोटे आणि ओठ यांना फार मोठी जागा मिळाली आहे आणि ती परस्परांना लागून आहे. हात आणि तोंड एकाच वेळी का बिघडतात, या प्रश्नाचे उत्तर या शेजारात आहे. भारतात प्रौढ वयात प्रथमच असे झटके आले तर मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या कोशांचा शोध घ्यावा लागतो. रक्तातील साखर अतिशय वाढल्यानेही ते येऊ शकतात. साखरेच्या याच वाढीमुळे क्वचित शरीराच्या एका बाजूचे हात-पाय सतत फेकले जाऊ लागतात. ‘आकडी’ या नामाने रुग्ण आणि नातेवाईक संपूर्ण शरीराचा, बेशुद्धीसह येणारा झटकाच समजतात. शुद्धीवर राहून केवळ अंगठा उडणे हीसुद्धा आकडीच असू शकते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

‘बोटे वळली’ हे वाक्य वेगळ्या दिशेने नेते. बोटे सरळ राहून मुळाशी वाकलेली, अंगठा तळहाताकडे ओढलेला, दोन्ही हातांत सारखाच ताण आणि ओठांभोवती मुंग्या, असे चित्र रक्तातील मुक्त कॅल्शियम घटल्याचे दर्शक आहे. कंठग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी ते दिसते. अतिशय घाबरून जलद आणि खोल श्वास घेत राहिल्यानेही ते दिसते: कर्बवायू अधिक प्रमाणात बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि कॅल्शियम प्रथिनांना अधिक बांधले जाते. आप्ताच्या मृत्यूची वार्ता ऐकून कोणाची बोटे वळली तर तो बाहेरचा प्रकार नव्हे आणि सोंगही नव्हे. ती रसायनाची क्रिया असते. श्वास मंदावला की बोटे सुटतात.

‘थरथरते’ या क्रियापदामागे कंठग्रंथीचा अतिरेक, दम्यावरील औषधे, उतरलेली साखर, एकाएकी सोडलेले मद्य अशी कारणे असतात. पसरलेला पंजा पुन्हा पुन्हा गळून सावरतो, म्हणजे ‘फडफडतो’, तेव्हा यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होत असल्याची शंका घ्यावी. शाळकरी मुलाचे हात घसादुखीनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नाचू लागले, अक्षर बिघडले, हातातील वस्तू पडू लागल्या, तर तो संधिवातज्वराचा परिणाम असू शकतो आणि त्या मुलाचे हृदय तपासणे अगत्याचे असते. ‘नीट बस’ म्हणून त्याला शिक्षा करणे हा अन्याय होय. फवारणी केलेल्या शेतातून आलेल्या माणसाच्या स्नायूंत त्वचेखाली सूक्ष्म स्पंदने दिसू लागली, लाळ आणि घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती कीटकनाशकाची बाधा समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

या वर्गात ‘-ताना’ हे कृदंत विशेष अर्थपूर्ण आहे. ‘लिहिताना बोटे आखडतात’, ‘मृदंग वाजवताना करंगळी वळते’. एरवी हात निर्दोष असतो. एकाच कौशल्याच्या अतिसरावाने मेंदूतील त्या हालचालीचे नियमन बिघडल्याने हा विकार होतो. तो एकाएकी लक्षात आला तरी एकाएकी झालेला नसतो आणि प्राणाला त्याचा धोका नसतो. काही रुग्णांत मेंदूची रचना निर्दोष असूनही हाताची हालचाल अकस्मात बिघडते. हा विकारही खरा असून त्यावर उपचार आहेत. त्याला ‘ढोंग’ म्हणणे वैद्यकदृष्ट्याही चुकीचे आहे.

६. विंचू आणि मण्यार

विषबाधेच्या बाबतीत रायगड जिल्ह्याचा स्वतःचा असा वैद्यकीय इतिहास आहे. तांबड्या विंचवाच्या विषाने मज्जातंतूंच्या पटलातील सोडियमची द्वारे मिटेनाशी होतात. म्हणून दंश झालेल्या बोटापासून वर मुंग्या आणि वेदना चढतात, हात थरथरतो. ‘विंचू चढला’ आणि ‘विंचू उतरला’ हे मराठी वाक्प्रचार वेदनेच्या या प्रवासाचे अचूक वर्णन करतात. परंतु प्राण जातो तो हातातील वेदनेने नव्हे. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम नोंदविला. ओकारी, भरपूर घाम, थंड पडलेले हातपाय ही पुढील हृदयविकाराची पूर्वचिन्हे असल्याचे त्यांनी दाखविले. त्यांचे हे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या ताणावर परिणामकारक ठरल्याचे त्यांनी सिद्ध केले आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कार्यातून निघणारा बोध भाषेच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा आहे: ‘विंचू उतरला’, म्हणजे वेदना कमी झाली, एवढ्यावरून धोका टळला असे म्हणता येत नाही, हात उबदार आहे की थंड आणि घामाने भिजलेला, हे पाहावे लागते.

मण्यारीचा दंश याहून फसवा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना आणि खूण बहुधा नसते. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळणे आणि बोलणे अवघड जाते, त्यानंतर दोन्ही हातांचे बळ जाते आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संधीवर आघात करते. मेंदू जागा असतो, पण त्याची आज्ञा पोचत नाही. येथे हात एकटा बिघडत नाही, एका बाजूचाही बिघडत नाही, आणि डोळे त्याच्या आधी बिघडतात. प्रतिविष आणि वेळीच मिळालेला कृत्रिम श्वासोच्छ्वास यांनी असे रुग्ण वाचतात.

७. ‘उठल्यापासून’

वरील कारणांकडे एकत्र पाहिले तर एक शब्द वारंवार भेटतो: ‘उठल्यापासून’. झोपेत दाबला गेलेला मज्जातंतू, झोपेत आलेला पक्षाघात, झोपेत झालेला मण्यारीचा दंश, मनगटातील दाब, आणि रक्तातील पोटॅशियम घटून पहाटे येणारी दुर्बलता, या सर्वांची कथा रुग्ण याच शब्दाने सुरू करतो. त्यांतील निवडीसाठी अवघड उपकरणे प्रथम लागत नाहीत. एक हात की दोन्ही? पापण्या उचलतात का? तोंडाची कड सरळ आहे का? पोटात दुखते का? बळ हातात कमी की पायात अधिक कमी? एवढ्या प्रश्नांनी दिशा निश्चित होते.

काळाविषयीचा प्रश्न मात्र विशेष दक्षतेने विचारला पाहिजे. ‘केव्हा झाले?’ याचे उत्तर ‘उठल्यापासून’ किंवा ‘मघापासून’ असे येते. ‘हात धरवत नाही’ या वर्तमानकालीन वाक्यात तर आरंभच नसतो. गुठळी विरघळविणारे औषध देण्याची नेहमीची मुदत साडेचार तासांची आहे, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सी.टी. तपासणीने पाहिल्यावाचून ते देता येत नाही. ही मुदत लक्षण दिसल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा नीट दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून प्रश्न असा हवा: ‘हात शेवटी नीट केव्हा चालत होता, आणि ते कोणी पाहिले?’ नौकेवर या प्रश्नाचे उत्तर तांडेल देऊ शकतो, घरी रात्री पाणी देणारी सून देऊ शकते. काही निवडक रुग्णांत प्रतिमातपासणीच्या आधारे मोठी गुठळी चोवीस तासांपर्यंतही काढता येते. तेव्हा उशीर झाला म्हणून जाणेच टाळणे योग्य नव्हे. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलावतानाही हीच वेळ प्रथम सांगावी.

८. ऐकणाऱ्याची जबाबदारी

या किनाऱ्यावरील आगरी आणि कोळी बोलींत ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या जागी अनुक्रमे ‘ल’ आणि ‘न’ येतात: ‘डोळा’ चा ‘डोला’, ‘कळ’ ची ‘कल’, ‘वळणे’ चे ‘वलने’. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूच्या कोकणी मुसलमानांची बोली आणखी निराळी. बदलीवर आलेला तरुण डॉक्टर विदर्भातील किंवा मराठवाड्यातील असू शकतो. अपरिचित उच्चारापुढे अडलेला ऐकणारा परिचित नामाकडे वळतो आणि नोंदवहीत ‘वात’ किंवा ‘हात बधिर’ असे लिहितो. रुग्णाने ‘धरवत नाही’ म्हटले होते, म्हणजे बळ गेल्याचे सांगितले होते; नोंदीत ती संवेदनेची तक्रार झाली. मराठीत ‘बधिर’ हा शब्द संवेदनाहीन आणि निर्जीव अशा दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढचा वाचणारा त्या शब्दावरच निर्णय घेतो.

यावर उपाय फार मोठा नाही. रुग्णाचे पहिले वाक्य त्याच्याच क्रियापदासह उतरून घ्यावे. मग हाताचा नेमका भाग, एक बाजू की दोन्ही, अंगठा की करंगळी, आणि शेवटी नीट असल्याची वेळ हे चार तपशील त्यापुढे जोडावेत. अशा वाक्यांचा बोलीनिहाय संग्रह करणे हे विद्यापीठातील भाषाविभागांना सहज शक्य असलेले काम आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. आजवर बोलींच्या सर्वेक्षणात नातेवाचक शब्द, शेतीची अवजारे आणि माशांची नावे यांना स्थान मिळाले. दुखण्याची क्रियापदेही त्याच आस्थेने नोंदविली गेली, तर ज्याच्या हातून पेला सुटला त्याचे वाक्य रुग्णालयापर्यंत अर्थ न बदलता पोचेल.